दूरदेशचें दत्तक

दत्तक घेण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे, हें धर्मशास्त्रावरचा कोणताहि ग्रंथ उघडला तरी ध्यानांत येतें. वसिष्ठधर्मसूत्रांत तिचा विधि थोडक्यांत सांगितला आहे. ज्यास मूल घ्यावयाचें असेल त्यानें बांधवांस बोलवावें, राजास कळवावें, घराच्या मध्यभागीं व्याहृतींनीं होम करावा आणि मग मुलाचा स्वीकार करावा. आप्तांची साक्ष आणि सरकारांत वर्दी या दोन गोष्टी आजच्या दत्तकाच्या कायद्यांतहि या ना त्या रूपानें आढळतात. परंतु त्याच सूत्रांत आणखी एक अट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. घ्यावयाचें मूल ‘अदूरबांधव’ असावें, म्हणजे त्याचे आप्त फार दूरचे नसावेत, अशी ती अट. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या शब्दाचें विवरण करतांना असा अभिप्राय दिला आहे कीं, देशानें आणि भाषेनें फार दूरचें असें मूल घेऊं नये.

हा निषेध आजच्या कायद्यांत उरलेला नाहीं, आणि तो पुन्हां आणावा असें म्हणणारे आम्ही नव्हे. निराधार मुलाला घर मिळत असेल तर तें कोणत्या देशांत आहे एवढेंच पाहून दार लावून घेणें हा धर्म होणार नाहीं. तरीहि विज्ञानेश्वरानें निवडलेल्या दोन गोष्टी, देश आणि भाषा, आम्हांस विचार करावयास लावतात. पूर्वाचार्यांच्या मनांत कुलगोत्राची खात्री हाच मुख्य हेतु असेल. पण दूरच्या देशांतलें मूल घरीं आणलें असतां त्याला व त्याला आणणारांना काय सोसावें लागतें, हें पाहूं गेलें कीं याच दोन गोष्टींपाशीं येऊन थांबावें लागतें. आज आपल्यापैकीं पुष्कळ घरांतलें एखादें जोडपें अमेरिकेंत, इंग्लंडांत किंवा ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेलें असतें. त्यांच्यापैकीं कोणाच्या मनांत दत्तकाचा विचार आला म्हणजे सल्ला घरच्या वडील माणसांनाच विचारला जातो. वडील माणसांना विषय ठाऊक असावा, म्हणून या महिन्यांत तो घेतला आहे.

परदेशीं जाऊन मूल आणण्याचा सर्वांत मोठा आणि आतां आरंभापासून शेवटपर्यंत आपल्यासमोर असलेला दाखला म्हणजे चीनचा. चीनमध्यें सुमारें १९८० पासून २०१५ पर्यंत एका कुटुंबास एकच मूल असावें असा सरकारी निर्बंध होता. पुत्राची इच्छा आपल्याप्रमाणेंच तेथेंहि प्रबळ; त्यामुळें पुष्कळ मुली बाजारांत, इस्पितळाच्या पायरीवर, अनाथालयाच्या दाराशीं सोडल्या गेल्या. मूल टाकणें हा गुन्हा असल्यामुळें टाकणारे आपलें नांव मागें ठेवीत नसत. १९९२ च्या एप्रिलमध्यें चीनचा दत्तकाचा कायदा अमलांत आला आणि परदेशीयांस हीं मुलें घेण्याची रीतसर वाट मोकळी झाली. तेव्हांपासून १,६०,००० हून अधिक मुलें चीनबाहेर गेलीं. त्यांपैकीं ८२,००० हून अधिक एकट्या अमेरिकेंत. २००५ या एका वर्षांत अमेरिकेंत गेलेल्या मुलांची संख्या सुमारें ७,९०० होती. पुढें हा ओघ आटत गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें चीन सरकारनें, जवळच्या रक्ताच्या नात्यांतलीं व सावत्र मुलें वगळून, परदेशीं दत्तक देणें बंद केल्याचें जाहीर केलें.

या बत्तीस वर्षांत हजारों अमेरिकन जोडपीं ज्या वाटेनें गेलीं ती वाट कागदांनीं भरलेली होती. प्रथम आपल्याच देशांत एक समाजसेविका घरीं येई, घराच्या खोल्या पाही, नवराबायकोंशीं एकत्र आणि वेगवेगळें बोले आणि अहवाल लिही. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पगाराचा दाखला, डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, ओळखीच्या गृहस्थांचीं शिफारसपत्रें, बोटांचे ठसे! प्रत्येक दाखल्यावर नोटरीची सही. नोटरी खरा आहे यावर राज्यसरकारची मोहोर. ती मोहोर खरी आहे यावर पुढें चिनी वकिलातीचा शिक्का. एवढें झाल्यावर सारें बाड भाषांतर होऊन चीनमधील मुख्य कार्यालयांत दाखल होई, आणि मग वाट पाहणें सुरू होई. प्रारंभीं ही वाट महिन्यांची असे. २००६ नंतर निरोगी तान्ह्या मुलासाठीं अर्ज करणारांना ती वर्षानुवर्षें पाहावी लागली. कित्येकांना आठ वर्षांहून अधिक. मध्यंतरीं बोटांच्या ठशांची मुदत संपे, डॉक्टरचा दाखला शिळा होई, कोणाची नोकरी बदले, आणि तेच कागद पुन्हां करावे लागत.

एके दिवशीं मुलाचें छायाचित्र व दोन पानांची माहिती येई, प्रवासाची परवानगी मिळे, आणि जोडपें निघे. तेथें सुमारें दोन आठवडे राहावें लागे. प्रथम ज्या प्रांतांतलें मूल त्या प्रांताच्या राजधानींत. तेथें एखाद्या सरकारी कचेरींत किंवा हॉटेलच्या दालनांतच अनाथालयाची बाई मूल आणून हातीं देई. नोंदणीच्या वेळीं अधिकारी विचारीत, ‘या मुलाला कधीं टाकणार नाहीं ना? छळणार नाहीं ना?’ उत्तर लिहून द्यावें लागे, आणि कागदावर मुलाच्या इवल्याशा हाताचा किंवा पायाचा लाल ठसा उमटे. मग मुलाचा पासपोर्ट तयार होईपर्यंत त्याच गांवीं मुक्काम. त्यानंतर सर्वांना ग्वांगझौ शहरीं, म्हणजे जुन्या कँटनला, जावें लागे. कारण अमेरिकेच्या व्हिसाचें काम तेथेंच होई. डॉक्टरची तपासणी, वकिलातींतील शपथ, आणि शेवटीं हातीं एक मोहोरबंद पाकीट. तें अमेरिकेच्या बंदरावरील अधिकाऱ्यानेंच फोडावयाचें, वाटेंत कोणीं उघडावयाचें नाहीं.

ग्वांगझौमध्यें शामियान नांवाचें एक लहानसें बेट आहे. इंग्रज व फ्रेंच यांची तेथें पूर्वीं वसाहत होती; वडाचीं मोठीं झाडें आणि जुन्या पाश्चात्य धर्तीच्या इमारती अजून आहेत. अमेरिकेची वकिलात एके काळीं या बेटावर होती, म्हणून शेजारचें व्हाइट स्वान हॉटेल अशा जोडप्यांचा जणूं वाडाच होऊन गेला होता. तेथील तांबड्या कोचावर नवीं मुलें रांगेनें बसवून छायाचित्र काढण्याची चालच पडली होती. एकाच प्रांतांतून आलेल्या दहापांच मुलींचीं रडवेलीं तोंडें त्या छायाचित्रांत दिसतात, आणि मागें उभे असलेले आईबाप हंसत असतात.

परंतु त्या हंसण्यामागेंहि एक दुखणें असे. पहिल्या चारसहा दिवसांची नवलाई ओसरली म्हणजे घराची आठवण येऊं लागे. जेवण अनोळखी; रस्त्यावरची एकहि पाटी वाचतां येत नाहीं; न्यूयॉर्कला सकाळ तेव्हां कँटनला रात्र, त्यामुळें घरच्यांशीं दोन शब्द बोलावयाचे तर झोप मोडावी लागे. हॉटेलची एक खोली, तींत रात्रभर रडणारें मूल, आणि उद्यां कोणत्या कचेरींत कोणता शिक्का मिळावयाचा याची काळजी. जाणतीं, शिकलेलीं, कमावतीं माणसें अशा वेळीं अगदीं लहान होऊन जात. आपल्या भाषेंत या दुःखाला स्वतंत्र नांव नसलें तरी तें आपल्या घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक आहे. सासरीं आलेली मुलगी पहिलें वर्ष माहेरासाठीं झुरते तेंच हें.

मात्र येथें एक भेद आहे, आणि या लेखांत जें सांगावयाचें तें मुख्यतः एवढेंच आहे. आईबापांच्या झुरण्याला परतीचें तिकीट असतें. विमान अमेरिकेंत उतरलें कीं तें संपतें, आणि नेमका त्याच दिवशीं मुलाचें सुरू होतें. २००० सालीं झालेला व फेब्रुवारी २००१ पासून अमलांत आलेला अमेरिकेचा कायदा असा आहे कीं, परदेशीं दत्तकविधान पुरें झालेलें मूल रीतसर व्हिसा घेऊन त्या देशांत पाऊल ठेवतांक्षणींच तेथील नागरिक होतें. कागदानें मूल एका क्षणांत अमेरिकन होतें. पण त्याची जीभ, त्याचा कान आणि त्याची झोप एका क्षणांत बदलत नाहींत. काल सकाळीं जिनें भाताची पेज भरविली ती बाई आज नाहीं. तिचा वास नाहीं, तिची हांक नाहीं. मूल दोन-तीन वर्षांचें असेल तर आपण काय मागतों हें कोणालाच कळत नाहीं, अशा जगांत तें येऊन पडतें. कांहीं मुलें आक्रोश करतात, कांहीं अन्न लपवून ठेवतात. कांहीं मुलें अगदीं गप्प होतात, आणि घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, ‘किती शहाणें मूल आहे, रडत नाहीं.’ या विषयांतले जाणते लोक सांगतात कीं त्या गप्प मुलाकडेच अधिक लक्ष द्यावें.

लहानपणीं आणलेलें मूल सारें विसरतें, अशी पुष्कळांची समजूत असते. २०१४ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चीनमधून सरासरी वर्षाच्या आसपास वय असतांना आणलेल्या आणि पुढें केवळ फ्रेंच बोलणाऱ्या घरांत वाढलेल्या मुली त्यांनीं घेतल्या. प्रयोगाच्या वेळीं त्या ९ ते १७ वर्षांच्या होत्या, आणि चिनी भाषेचा एक शब्दहि त्यांना येत नव्हता. चिनी भाषेंत स्वराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो. तसे स्वर त्यांना ऐकवून त्यांच्या मेंदूचें चलनवलन यंत्रानें पाहिलें, तेव्हां तें जन्मापासून चिनी बोलणाऱ्या मुलींप्रमाणेंच आढळलें. केवळ फ्रेंच जाणणाऱ्या मुलींचें तसें नव्हतें. ज्या मुलीला आपल्याला कांहीं आठवतें हेंहि ठाऊक नाहीं, तिच्या मेंदूनें दहा-पंधरा वर्षें आपल्या पहिल्या भाषेचे स्वर जपून ठेवले होते! अत्यंत दूरची भाषा म्हणून विज्ञानेश्वरानें जिचा उल्लेख केला, ती मुलाच्या आंत अशी टिकून राहते.

आतां कागदांकडे पुन्हां वळूं. आईबापांना त्या कागदांचा जाच होतो, आणि तो होणें साहजिक आहे. पण मूल मोठें होऊन ‘मी कोठली?’ असें विचारूं लागतें, तेव्हां त्याच्याजवळ उत्तर म्हणून काय असतें? तेच कागद. आपल्या घरांत कुलवृत्तांताचें पुस्तक असतें. मूळ पुरुष कोण, कोणत्या गांवाहून कोण उठून कोठें गेला, हें त्यांत पाहतां येतें. दत्तक म्हणून दूर गेलेल्या मुलाचा कुलवृत्तांत म्हणजे त्याची फाइल. चीनमध्यें सांपडलेल्या मुलाची जाहिरात त्याच्या छायाचित्रासह वर्तमानपत्रांत देऊन जन्मदात्यांचा शोध करावा, असा नियम होता. कोणत्या दिवशीं, कोणत्या जागीं मूल सांपडलें हें त्या जाहिरातींत असे. आज वयांत आलेल्या पुष्कळ मुली अशीं जुनीं वर्तमानपत्रें धुंडाळीत आहेत. कारण नांव अनाथालयानें ठेवलेलें, जन्मतिथि अदमासानें लिहिलेली, आणि खरेंखुरें असें तें एक कात्रणच.

म्हणून कागद नुसता पुरा असून भागत नाहीं, तो खरा असावा लागतो. २००५ सालीं चीनच्या हुनान प्रांतांत, पैसे घेऊन मुलें अनाथालयांना पुरविणारी टोळी उघडकीस आली, आणि पुढच्या वर्षीं न्यायालयानें शिक्षा दिल्या. अशा मुलांच्या दाखल्यांवर ‘टाकून दिलेलें सांपडलें’ असेंच लिहिलेलें होतें. दक्षिण कोरियानें १९५० नंतरच्या दशकांत लाखाहून अधिक मुलें पाश्चात्य देशांत पाठविलीं. तेथील सरकारनेंच नेमलेल्या सत्यशोधन आयोगानें मार्च २०२५ मध्यें असा निर्णय दिला कीं, आईबाप हयात असलेल्या मुलांनाहि कागदोपत्रीं अनाथ ठरविण्याचे प्रकार घडले आणि शासनानें तें होऊं दिलें. शिक्के सारे बरोबर होते, पण मजकूर खोटा होता. अशा मुलाला घरची ओढ लागली तर तें परत तरी कोठें जाणार? वाटच पुसून टाकलेली!

अशा गोष्टींस आळा बसावा म्हणूनच २९ मे १९९३ रोजीं हेग येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. मुलाला प्रथम स्वतःच्या देशांत घर शोधावें, तें न मिळाल्यास परदेशाचा विचार करावा, कोणीं त्यांत अनुचित पैसा मिळवूं नये, आणि मुलाच्या जन्माविषयींची व जन्मदात्यांविषयींची माहिती सरकारनें जपून ठेवावी, हीं त्याचीं मुख्य कलमें. आपल्या देशांत या दिशेनें पाऊल त्याआधींच पडलें होतें. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं, न्यायमूर्ति भगवती यांच्या हातून, परदेशीं जाणाऱ्या मुलांविषयीं नियम घालून दिले. १९९० मध्यें ‘कारा’ या नांवानें ओळखली जाणारी केंद्रीय दत्तक संस्था निघाली, आणि २००३ सालीं भारतानें हेग कराराला मान्यता दिली. अमेरिकेंत तो १ एप्रिल २००८ पासून लागू आहे.

आपल्या घरांच्या दृष्टीनें यांतली एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोघां भावांपैकीं एक परदेशीं आहे, त्याला मूल नाहीं. धाकट्याला दोन आहेत, त्यांतलें एक थोरल्याच्या ओटींत घालावें, असा विचार एकत्र कुटुंबांत सहज होतो. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्याप्रमाणें विधि केला, दत्तकपत्र नोंदविलें, म्हणजे झालें, असें वडील मंडळींना वाटतें. घरापुरतें तें झालेंहि असेल. पण थोरला भाऊ अमेरिकेंत राहत असेल तर तेवढ्यावर मुलाला तेथें नेतां येत नाहीं. नात्यांतलें मूल असलें तरी हेग कराराची वाट, म्हणजे तेथील सरकारची आधीं मंजुरी, ‘कारा’चा ना-हरकत दाखला आणि घरांचे अहवाल, हें सारें क्रमानें व्हावें लागतें. आधीं विधि आणि मग चौकशी, असा उलटा क्रम केला तर मूल एका देशांत आणि नवे आईबाप दुसऱ्या देशांत, अशीं वर्षें जातात. म्हणून मुहूर्त काढण्यापूर्वीं कायदा विचारावा. येथें मूल देशानें दूर जात असलें तरी आप्तांनीं दूर जात नाहीं. खऱ्या अर्थानें तें अदूरबांधवच आहे, आणि त्याचें झुरणें हलकें करणें आपल्या हातीं आहे.

ज्यांचें मूल अनोळखी घरांतून यावयाचें आहे त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. पहिली, मूल हातीं घेतांना सांभाळणाऱ्या बाईला विचारावें कीं हें काय खातें, कसें निजतें, याला कोणत्या नांवानें हांक मारतां. आणि तें तेथेंच लिहून घ्यावें. दुसरी, अंगावरचे कपडे लगेच धुवूं वा टाकूं नयेत. नव्या घरांत जुना वास त्याला कांहीं दिवस लागतो. तिसरी, त्याच्या भाषेंतले वीस-पंचवीस शब्द आधीं पाठ करावेत: भूक, पाणी, झोप, दुखतें, मी येथेंच आहें. चौथी, प्रत्येक कागदाची, पाकिटाची, वर्तमानपत्राच्या कात्रणाची एक नक्कल मुलाच्या नांवानें वेगळी ठेवावी, आणि तें विचारूं लागेल तेव्हां लपवूं नये.

आणि घरच्या आजीआजोबांनीं एवढें करावें. तें मूल रात्रीं रडूं लागलें तर ‘एवढें सारें केलें तरी याचें रडें संपत नाहीं’ असें कोणी म्हणूं नये. सासरीं आलेल्या मुलीला माहेराहून मूळ येतें, चार दिवस ती जाऊन येते, मग रुळते. या मुलाला न्यावयास कोणीहि यावयाचें नाहीं. तेव्हां आजीनें त्याला मांडीवर घ्यावें, आणि रडूं द्यावें.